टाके कुठे सुटतात: लाँगआर्म मशीनच्या नोंदी

३ जून

लाँगआर्म आलं, म्हणजे गोधडीचे थर एकत्र शिवायचं लांब हाताचं मोठं मशीन. वापरलेलं आहे, आधीच्या मालकाकडे दोन वर्षं नुसतं झाकून ठेवलेलं. सुईपासून मागच्या खांबापर्यंत २० इंच जागा, फ्रेम १२ फूट, बॉबिन एम साइजचं. टाक्याची लांबी सांभाळणारा रेग्युलेटर बसवलेला आहे. सोबत मॅन्युअल नाही. एका डब्यात सुया, दोन बॉबिन केस, सहा ॲलन की आणि कशाचा तरी एक स्क्रू आहे. तो स्क्रू कशाचा, हे कळेपर्यंत मला चैन पडणार नाही.

साध्या मशीनवर आपण कापड हलवतो आणि मशीन जागेवर असतं. इथे उलटं. गोधडीचे तिन्ही थर फ्रेमवर ताणलेले, आणि अख्खं मशीन चाकांवरून रुळांवर फिरतं. त्यामुळे पहिला प्रश्न शिवणकामाचा नाहीच, सुतारकामाचा आहे: फ्रेम सपाट आहे का?

नव्हती. मशीन टोकाला उभं करून हात सोडले की ते हळूच मध्याकडे सरकायचं आणि तिथे जाऊन थांबायचं. कडेला स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही टोकं जुळवली, तरी सरकणं गेलं नाही. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधली आणि वाकून पाहिलं. मधला पाय खाली बसलेला, रूळ मध्यावर जवळजवळ तीन मिलिमीटर दबलेला. टोकं कितीही सरळ असोत, पोटात झोळ असला तर मशीन त्या झोळाकडेच जाणार. मधल्या पायाचा बोल्ट वर घेतला, पुन्हा लेव्हल लावली. रात्री नऊला मशीन जिथे सोडलं तिथेच उभं राहिलं.

५ जून

चाकं. उजवीकडे नेताना दर हातभर अंतरावर टक असा आवाज येत होता. रुळावर बोट फिरवून पाहिलं, रूळ गुळगुळीत. अंतर दर वेळी सारखं, म्हणजे दोष चाकात. चौथं चाक काढलं तर त्याच्या आसाभोवती दोऱ्याचे वेढे घट्ट बसलेले, आणि एक तुकडा चाकाच्या खाचेत दाबून पार चपटा झालेला. दर फेरीला मशीन त्यावरून उडी मारत होतं. चिमटा आणि जुना टूथब्रश, अर्ध्या तासाचं काम. रूळ कोरड्या फडक्याने पुसले. रुळांना तेल लावायचा मोह झाला होता. लावलं नाही ते बरं केलं, कारण तेलाला कापूस चिकटतो आणि लांबी मोजणारी चाकं घसरायला लागतात.

तीच चाकं आजचा दुसरा विषय. रेग्युलेटरला दोन एन्कोडर आहेत. एक मशीन डावी-उजवीकडे किती गेलं ते मोजतो, दुसरा पुढे-मागे किती गेलं ते. दोघांच्या मापांवरून मशीन एकूण किती सरकलं ते निघतं, आणि त्यावरून ठरतं की आता टाका घालायचा. इंचाला १० टाके लावले की दर २.५४ मिलिमीटरला एक टाका पडायला हवा. जुन्या चादरीवर रेघा मारून मोजले. आडव्या रेघेत इंचाला १०, १०, १०. उभ्या रेघेत ६, ९, १०, ७.

म्हणजे उभ्या दिशेचा एन्कोडर मधूनमधून मोजायला विसरतो. टॉर्च मारला तर त्याचं छोटं रबरी चाक रुळाला टेकतंय न टेकतंय असं होतं. दाबून धरणारी स्प्रिंग आहे, पण तिचा स्क्रूच नाही. डब्यातला स्क्रू! लावला, चाक रुळाला बसलं. उभ्या रेघेत १०, १०, १०, १०. असा दिवस मशीनच्या कामात क्वचित येतो, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

८ जून

आज खरी शिवण. तीन थर, ४० नंबरचा पॉलिएस्टर दोरा, वर निळा आणि खाली पिवळा. चाचणीला दोन रंग घ्यायचेच. एकच रंग घेतला तर कोणता दोरा कुठे चुकतोय ते कळत नाही.

टाके सुटत होते. सगळीकडे नाही. मशीन माझ्याकडे ओढलं की छान, डावी-उजवीकडे छान, माझ्यापासून लांब ढकललं की दर तीन-चार इंचांत एक लांब टाका. निळा दोरा कापडावर नुसता आडवा पडलेला.

इथे मी मूर्खपणा केला. टाका सुटतो म्हणजे टायमिंग गेलं, म्हणजे सुई आणि खाली फिरून दोरा पकडणारा हूक यांच्या भेटीची वेळ चुकली, असं डोक्यात पक्कं होतं. सुई बदलली नाही, दोरा पुन्हा ओवला नाही, सरळ प्लेट काढली, हूकचे तीन स्क्रू सैल केले आणि हूक अंदाजाने जरा पुढे घेतला.

परत चालू केलं. आता चारही दिशांना टाके सुटतात.

९ जून

काल रात्री आणखी दोन वेळा हूक हलवला होता. आज सकाळी पहिल्याच रेघेला टिक, टिक, आणि सुईचं टोक तुटून बॉबिनपाशी पडलं. मशीन बंद केलं. बारा तास त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं.

संध्याकाळी शिलाई मशीनच्या मिस्त्रीकाकांना फोन केला. त्यांनी लाँगआर्म हाताळलेलं नाही, पण हूक तो हूक. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, सुई कधी बदलली होती?"

मी म्हटलं, "तुटली तेव्हा."

"मग आता हूक जागेवर आणा. आणि पुढच्या वेळी माझ्या आधी नव्या सुईला विचारा."

१० ते १२ जून

टायमिंग. तीन संध्याकाळी गेल्या, पण आता ते अंदाजाने करत नाही.

एक टाका कसा बनतो ते डोळ्यांसमोर असल्याशिवाय हूकला हात लावू नये. सुई तळाला जाते आणि परत फिरते. वर येताना कापड दोऱ्याला धरून ठेवतं, म्हणून सुईच्या मागच्या बाजूला, नेढ्याच्या वर, दोऱ्याचा छोटा फुगा तयार होतो. त्याच क्षणी हूकचं टोक तिथून जायला हवं. ते फुग्यात शिरतं, वरचा दोरा बॉबिनला वळसा घालून आणतं, आणि गाठ बसते. फिरता हूक ॲलन विल्सनने १८५१ साली पेटंट केला. तेव्हापासून तत्त्व तेच आहे. दर टाक्याला हूक दोन फेऱ्या मारतो, म्हणजे मशीन मिनिटाला १५०० टाके घालत असेल तर हूक ३००० वेळा फिरतो. एवढ्या वेगात फुगा चुकायला केसाचा फरकही पुरतो, आणि मी हूक नखभर सरकवला होता.

नवी सुई पूर्ण वर बसवली, स्क्रू घट्ट केला. हाताने चाक फिरवत सुई अगदी खाली नेली, मग तिथून सुमारे अडीच मिलिमीटर वर घेतली. या जागी हूकचं टोक सुईच्या मागच्या खळग्यात, नेढ्याच्या जरासं वर, बरोबर मधोमध दिसायला हवं. माझं टोक तोपर्यंत पार पुढे निघून गेलेलं असायचं. मागे आणलं. दुसरं माप सुई आणि टोक यांच्यातल्या फटीचं. कागदाच्या जाडीइतकी हवी. जास्त ठेवली तर फुगा हुकतो, शून्य झाली तर परवाची टिक-टिक.

त्रास असा की एक स्क्रू आवळला की हूक किंचित फिरतो. तिन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे आणि दर वेळी चाक फिरवून पुन्हा पाहायचं. सतरा वेळा केलं. सतरा हा आकडा अंदाजाचा नाही, कागदावर रेघा ओढत होते.

टिक-टिकची निशाणी हूकवर राहिली होती. डोळ्याला काही दिसेना. जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा टोकावरून हळू ओढला तर एका जागी धागा अडकला. तिथे सुईच्या धडकेने धातूची बारीक कड उचलली गेली होती. अत्यंत बारीक पॉलिश पेपरची पट्टी कापून ती कड फक्त गुळगुळीत केली. टोकाची धार घालवायची नाही, घासायचं आणि मोज्यावर तपासायचं, असं पाच-सहा वेळा. आता मोजा अडकत नाही. प्लेटच्या भोकालाही मोजा फिरवला. तिथे दोन ओरखडे होते, तेही घासले.

चाचणी: चारही दिशांचे सुटणारे टाके गेले. लांब ढकलताना सुटणारा टाका मात्र जागेवर. म्हणजे आठ तारखेला जिथे होते तिथेच, फक्त मध्ये चार दिवस आणि एक सुई गेली.

१४ जून

आज कापड बाजूला ठेवून फक्त विचार केला. टायमिंगचा दोष चहूकडे सारखा दिसतो, मग हा एकाच दिशेला का?

सुई कापडात असते तेव्हाही लाँगआर्म थांबत नाही. मशीन पुढे सरकत असतं आणि कापडात रुतलेली सुई त्याच्यामागे ओढली जाते, म्हणजे वाकते. मशीन माझ्यापासून लांब गेलं की सुईचं टोक माझ्याकडे वाकतं. हूक सुईच्या मागून जातो. मग सुई त्याच्यापासून दूर जाते, कागदाएवढी फट मोठी होते आणि फुगा हुकतो. मशीन माझ्याकडे ओढलं तर सुई हूककडे वाकते. त्या दिशेला टाका सुटत नाही, पण जास्त जोर केला तर टिक.

म्हणजे शोधायचं हे की सुई एवढी वाकते का.

मशीनमध्ये सुरुवातीपासून एमआर ३.० सुई होती आणि नवी लावलेलीही डब्यातली तशीच. साध्या मापात ती ९०/१४, म्हणजे पातं ०.९ मिलिमीटर. एमआर जातीची सुई सगळ्या दिशांना फिरणाऱ्या मशीनसाठीच बनवतात, त्यामुळे जात बरोबर होती, माप बारीक होतं. एमआर ४.० म्हणजे ११०/१८, पातं १.१ मिलिमीटर. फरक ०.२ मिलिमीटरचा. पण गोल सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ही सुई जवळजवळ सव्वादोनपट ताठ. ४० नंबरच्या दोऱ्यालाही मोठं नेढं सोयीचं.

सुई बसवताना नेढं सरळ समोर आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी कधीच कळत नाही. नेढ्यात टाचणी अडकवली. टाचणीचं डोकं नीट माझ्याकडे आलं की सुई सरळ. आधीची तपासली असती तर ती डावीकडे वळलेली निघाली असती का, हे आता कधीच कळणार नाही. तुटलेली सुई मी फेकली. यापुढे फेकणार नाही.

जाडी बदलली म्हणून हूकची फट पुन्हा तपासली, किंचित मागे घेतली.

चाचणी: लांब ढकलताना वीस इंचांत एक टाका सुटला. आधी पाच-सहा सुटायचे.

१५ जून

उरलेला एक टाका कापडाने खाल्ला होता. मी थर ढोलकीसारखे ताणले होते. घट्ट म्हणजे चांगलं, असं वाटायचं. पण कापड जितकं ताठ, तितकं ते सुईला जास्त घट्ट धरतं आणि जास्त वाकवतं. कापड गुंडाळून ताणणाऱ्या रोलरचं लॉक दोन दात मागे सोडलं. आता खालून बोट दाबलं की वरून ते बोट चिमटीत धरता येतं. एवढा ताण पुरे. बाजूचे क्लॅम्पही सैल केले, ते कापड नुसतं पसरून ठेवण्यापुरतेच असतात.

सुईभोवती उड्या मारत कापड दाबणारा पायही पाहिला. सुई तळाला असताना पाय थरांना नुसता स्पर्श करायला हवा. माझा जवळजवळ दोन मिलिमीटर वर तरंगत होता. त्यामुळे सुई वर येताना कापडही तिच्यासोबत वर उचललं जायचं, आणि कापड उचललं की दोऱ्याचा फुगा बनतच नाही. थरांवर व्हिजिटिंग कार्ड ठेवून त्यावर पाय टेकेल इतका खाली घेतला आणि कार्ड काढलं.

दोनशे इंच शिवलं. एकही टाका सुटला नाही.

१७ जून

ताण. वरून शिवण देखणी, पण गोधडी उलटी केली की गोलाईवर खालच्या बाजूला निळ्या दोऱ्याच्या पापण्या. वरचा दोरा सैल पडला, की वळणावर तो खाली ओढला जातो.

आधी बॉबिन ठरवायचं, मग वरचा ताण, हा क्रम मी मोडत नाही. बॉबिन केस दोऱ्याने लटकवून हात हलका झटकला. केस दोन-तीन इंच खाली येऊन थांबायला हवी. माझी थेट जमिनीकडे निघाली. स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अष्टमांश फेरी, परत झटका, परत अष्टमांश. तिसऱ्या वेळी थांबली. केसमधली पातळ चकतीसारखी स्प्रिंगही चपटी झाली होती, टोकं जरा उचलली. मशीन थांबलं तरी बॉबिन फिरतच राहू नये म्हणून ती असते. तिच्यात दम नसला की कोपऱ्यावर थांबताना खाली दोऱ्याचा पुंजका होतो.

मग वरचा ताण घट्ट करत गेले आणि काहीच फरक पडेना. नॉब दोन फेऱ्या फिरवला तरी पापण्या तशाच. शेवटी ताणाच्या दोन चकत्यांमध्ये जाड दोरा घालून, दात साफ करतो तसा, इकडून तिकडे ओढला. आतून सेंटिमीटरभर लांबीचा, घट्ट चिकटलेला जुना लाल दोरा बाहेर आला. कधीचा कोण जाणे. त्याने चकत्या उघड्या धरल्या होत्या, म्हणून नॉब फिरून काही उपयोग नव्हता. आता अर्ध्या फेरीचाही फरक दिसतो. नॉब पूर्वीच्या जागी आणला, तिथून थोडा घट्ट केला. पापण्या गेल्या.

उलट्या बाजूला एका ठिकाणी पिवळा दोरा सरळ पडून त्यावर निळे ठिपके दिसले. तिथे मी गोलाई भरधाव काढली होती. ती चूक मशीनची नाही.

१९ जून

आज दुरुस्ती नाही, साज चढवणे.

रोलरला असलेलं कॅनव्हास मळलेलं आणि एका बाजूला ओघळलेलं होतं. नवं जाड कॅनव्हास कापलं, मध्यावर खूण केली आणि तिथून दोन्ही बाजूंना दर इंचाला आकडे लिहिले. कापड लावताना मध्याला मध्य जुळला की बाकी आपोआप येतं. पिना लावायच्या ऐवजी झिप शिवली, अर्धी कॅनव्हासला, अर्धी अस्तराला. एक गोधडी अर्धवट ठेवून दुसरी चढवायची वेळ येते तेव्हा झिप उघडली की काम झालं. अस्तर चारही बाजूंना वरच्या थरापेक्षा चार-चार इंच मोठं घ्यायचं, नाहीतर क्लॅम्पना धरायला जागा राहत नाही आणि मशीनचं डोकं क्लॅम्पवर आपटतं.

पट्टीने शिवायचं असेल तर सुईभोवती सपाट बैठक लागते, नाहीतर पट्टी कडेला कलते. बैठक बसवली. पट्ट्या पाव इंच जाडीच्याच घ्यायच्या. पातळ पट्टी पायाखाली घसरली की सुई तिच्यावर, आणि मग पुन्हा १० ते १२ जून.

दिवे: सुईच्या वर आधीपासून एक होता, मी बाजूने पडणारी एक पट्टी लावली. सरळ वरून उजेड पडला की पांढऱ्यावर पांढरा टाका दिसतच नाही. बाजूने पडला की प्रत्येक टाक्याची सावली पडते.

चॅनल लॉक, म्हणजे चुंबकाने एका दिशेचं चाक धरून ठेवणारा, लावला. सरळ रेघ काढायला त्याच्याइतकं स्वस्त समाधान नाही. लेझर दिवा मात्र डब्यातच ठेवला आहे. कागदावरची नक्षी मागून गिरवायला तो लागतो. मला समोरून हाताने काढायचं आहे.

दोऱ्याच्या कोनाचा खांब कलला होता. कडी बरोबर कोनाच्या डोक्यावर असली की दोरा सारखा सुटतो, तिरकी असली की प्रत्येक फेरीला एक झटका. कडी सरळ केली.

२३ जून

पहिली पूर्ण गोधडी, ६० बाय ७२ इंच. सकाळी सुरुवात, दर बॉबिनला हूकच्या खाचेत तेलाचा एकच थेंब आणि त्यानंतर चिंधीवर दहा-बारा टाके, म्हणजे डाग चिंधीला लागतो.

पहिले ४० इंच स्वच्छ. नंतर लांब ढकलताना टाका सुटला. मग आणखी एक. मी खरंच हूककडे हात नेला आणि मागे घेतला.

काय बदललं? सुई तीच, दोरा तोच, ताण सकाळचाच. बदलली होती फक्त गुंडाळी. शिवून झालेला भाग मागच्या रोलरवर चढत जातो आणि रोलर जाड होत जातो. वाकून पाहिलं तर गुंडाळीचं पोट मशीनच्या खालच्या दांड्यावर टेकलेलं. दांडा त्याला घासत होता, मशीनला ढकलायला जोर लागत होता, आणि कापड रोलरपाशी ताणलं जाऊन वर-खाली होत होतं. रोलर वर घेतला. दांडा आणि गुंडाळी यांच्यात एक बोट आडवं शिरेल इतकी जागा ठेवली.

टाके परत जागेवर. आता दर दोन सरकवण्यांनंतर बोट घालून पाहते.

२५ जून

गोधडी उतरवली. सुटलेले तीन टाके हाताने घातले. उलट्या बाजूला नीट पाहिलं तर सापडतात.

फ्रेमच्या डाव्या टोकाला शेवटच्या फुटात बारीक चिरचिर ऐकू येते. चाक नाही, मी काढून पाहिलं. बहुधा मोटरचा पट्टा. उद्या झाकण उघडायचं, आधी फोटो काढायचा, आणि एका वेळी एकच स्क्रू.